स्तोत्र ८९ अख्खं वाचावं की अर्धंच? बाबांच्या स्मरणप्रार्थनेसाठी विचारतोय

अंबड_सेकंड_शिफ्ट (नाशिक)

सगळ्यांना सलाम. येत्या शनिवारी बाबांना जाऊन एक वर्ष होतंय, घरीच प्रार्थना ठेवलीये, पाळकसाहेब येणार आहेत पण शास्त्रपाठ मी वाचायचा असं आईने ठरवलंय. बायबलमधलं स्तोत्र ८९ हे बाबांचं आवडतं. म्हणजे आम्हाला तरी तसंच माहीत, कारण रोज सकाळी चहा ठेवायच्या आधी ते त्याची पहिली ओळ मोठ्याने म्हणायचे, परमेश्वराच्या दयेबद्दल मी सदा गात राहीन, त्याचं खरेपण पिढ्यानपिढ्या सांगत राहीन, आणि मग गॅस पेटवायचे. त्याच्या पुढचं त्यांनी कधी म्हटलेलं मला आठवत नाही.

काल शिफ्टवरून आलो, झोप येईना म्हणून अख्खं वाचलं. ५२ वचनं आहेत. सुरुवात अशी की अंगावर काटा यावा, देवाने दाविद राजाशी केलेला करार, त्याचं सिंहासन सूर्यासारखं चंद्रासारखं टिकणार, त्याची मुलं चुकली तर त्यांना छडीने शिक्षा करीन पण माझी दया काढून घेणार नाही, सगळं ३७ पर्यंत असंच. आणि ३८ ला एकदम फिरतं. तू त्याला टाकून दिलंस, करार झिडकारलास, त्याचा मुकुट धुळीत फेकलास. ४९ ला तर सरळ विचारलंय की प्रभू, ती तुझी पूर्वीची दया कुठे गेली जिची तू दाविदाला शपथ दिली होतीस. आणि याला उत्तरच नाहीये, ५२ ला धन्यवाद आणि आमेन, संपलं.

खरं सांगू का, मला ते ४९ वाचून रडू आलं, कारण वर्षभर माझ्या मनात तेच आहे. बाबांच्या आजारपणात आम्ही सगळ्यांनी इतकी प्रार्थना केली, मंडळीत उपास ठेवले, आणि प्रत्येक जण येऊन सांगायचा देव विश्वासू आहे, काळजी करू नका. आता शनिवारी तेच लोक समोर बसणार. मग मी काय वाचू? १ ते १८ वाचून थांबू का? ते अर्धवट वाचणं मला खोटं वाटतंय, आणि पूर्ण वाचलं तर आईला सहन होईल का माहीत नाही.

अजून एक, आईच्या छापील बायबलात स्तोत्र १३६ मध्ये "त्याची दया सनातन आहे" असं आहे आणि माझ्या मोबाईलमधल्या अॅपवर दुसऱ्या भाषांतरात त्याच अर्थाच्या जागी करार आणि विश्वसनीयता असे शब्द दिसतात. दया आणि करार या दोन गोष्टी एक कशा? करार म्हटलं की मला भाडेकरारच आठवतो. कोणी समजावून सांगेल का.


जेलरोडकर

भाऊ सांत्वन असो. माझं मत, स्मरणाच्या दिवशी १ ते १८ वाचा आणि थांबा. घरात लहान मुलं असतात, परके लोक असतात, आई असते, तिथे "तू आम्हाला टाकलंस" वाचायची जागा नाही. ते एकट्याने देवापुढे बसून वाचायचं. प्रार्थनेत लोकांना धीर मिळाला पाहिजे.


संडेस्कूलवाली_मावशी (नाशिकरोड)

बाळा, आधी तुझ्या आईला माझा सलाम सांग. मी ३० वर्षं संडेस्कूल घेतलं, रिटायर झाल्यावर थोडं हिब्रू शिकले, फार नाही, पण तुझ्या शब्दाच्या प्रश्नापुरतं येतं.

तो शब्द आहे हेसेद. जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागात, तो साधारण अडीचशे वेळा येतो आणि त्यातला जवळजवळ निम्मा एकट्या स्तोत्रांमध्ये. मराठीत कुठे दया, कुठे कृपा, कुठे वात्सल्य, कुठे प्रेमदया असं केलंय, भाषांतर करणाऱ्यांचा दोष नाही, एका शब्दात तो मावतच नाही. दया म्हटलं की आपल्याला रस्त्यावरच्या भिकाऱ्याला दहा रुपये दिले ते आठवतं, दिले तर दिले, नाही दिले तर कोण विचारतंय. हेसेद तसं नाही. ज्याने नातं जोडलंय, शब्द दिलाय, तो त्या शब्दापायी जी माया करतो ते हेसेद. आपल्या भाषेत याला इतकं सुंदर बोलणं आहे आणि आपण ते चर्चमध्ये वापरत नाही याचं मला नेहमी वाईट वाटतं. आपण म्हणतो ना, अमका माणूस शब्दाला जागला. बस. परमेश्वर शब्दाला जागणारा आहे, आणि ते जागणं कोरडं नाही, मायेचं आहे. १३६ व्या स्तोत्रात २६ ओव्या आहेत आणि प्रत्येक ओवीला तेच धृपद, २६ वेळा. आकाश केलं, कारण तो शब्दाला जागतो. मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून काढलं, कारण तो शब्दाला जागतो. आणि २५ व्या ओवीत काय, तर सगळ्या जिवांना अन्न देतो, तिथेही तेच.

आता करार. तुझं बरोबर आहे, करार म्हटलं की ११ महिन्यांचा भाडेकरार, दोन साक्षीदार आणि डिपॉझिट. बायबलमधला करार वेगळा. हिब्रूत करार "करत" नाहीत, करार "कापतात". उत्पत्ती १५ काढून बघ, अब्राहाम जनावरं कापून दोन बाजूला मांडतो, आणि तुकड्यांच्या मधून चालून जायचं म्हणजे मी शब्द मोडला तर माझं असंच होवो. पण तिथे अब्राहाम चालत नाही, त्याला गाढ झोप लागते. धुराची शेगडी आणि पेटती मशाल तेवढी मधून जाते, म्हणजे देव एकटा जातो. सगळी जोखीम त्याने स्वतःच्या अंगावर घेतली. भाडेकरारात कोणता घरमालक असं करतो सांग.

आता तुझं ८९. हे मोजून बघ म्हणजे तुला कळेल की दोन्ही भाग एकाच हाताने विणलेत. हेसेद हा शब्द या स्तोत्रात ७ वेळा येतो, १, २, १४, २४, २८, ३३ आणि ४९. आणि विश्वासूपणासाठी जो शब्द आहे, एमुना, तोही ७ वेळा, १, २, ५, ८, २४, ३३ आणि पुन्हा ४९. दोन्हींचा सातवा, शेवटचा वेळ तुझ्या त्या रडवणाऱ्या ओवीतच आहे. म्हणजे लिहिणाऱ्याने १ ली ओवी गाताना जे दोन शब्द तोंडात घेतले तेच दोन ४९ ला देवापुढे ठेवलेत. त्याने गाणं सोडलेलं नाही, त्याच गाण्याचे शब्द घेऊन तो भांडतोय. आणि एक, आमेन हा शब्दही एमुनाच्याच धातूतला आहे. ५२ वी ओवी खरं तर स्तोत्रांच्या तिसऱ्या भागाचा समारोप आहे, ७३ ते ८९ हा तो भाग. ज्यांनी हे पुस्तक लावलं त्यांना हवं असतं तर ते भांडण काढून टाकता आलं असतं. काढलं नाही. त्याच्या शेजारी आमेन ठेवला.

म्हणून बाळा, माझं सांगणं पूर्ण वाच. ज्याने शब्दच दिला नाही त्याला कोणी विचारतं का, की तुझा शब्द कुठे गेला? विचारतो तो घरचाच माणूस. बाहेरचा निघून जातो.


बागायतदार_निफाड

मावशींनी सगळं सांगितलंय, मी फक्त माझं सांगतो, शास्त्र शिकलेलो नाही. आमची द्राक्षाची बाग. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, माल तयार, व्यापाऱ्याशी सौदा झालेला, दोन दिवसांनी खुडा सुरू होणार आणि संध्याकाळी गारपीट झाली. अर्धा तास पण नसेल. सकाळी मांडवाखाली गेलो तर घड मातीत, जे वर राहिले त्यांचे मणी फुटलेले, चिलटं आली होती. व्यापाऱ्याला फोन केला तर उचलला नाही, नंतर म्हणाला सौदा कसला, कागद होता का. कागद नव्हता, शब्द होता.

त्या रविवारी उपासनेला गेलो नाही. घरीच बसलो आणि बायकोने स्तोत्र ८० वाचलं, तिने मुद्दाम नाही काढलं, रोजच्या वाचनात आलं. त्यात देवाने मिसरातून द्राक्षवेल उपटून आणली, जागा साफ करून लावली, तिने मूळ धरलं, तिच्या सावलीने डोंगर झाकले. आणि मग विचारलंय, तिचं कुंपण तू का मोडलंस, येणारा जाणारा तोडतोय, रानडुकरं नासधूस करतायत. मी म्हटलं हा माणूस बागायतदार आहे. ज्याने छाटणी केली, डिपिंग केलं म्हणजे घड औषधात बुडवले, रात्री पाण्याची पाळी धरली त्यालाच कळतं की लावलेली वेल मालकाने सोडून देणं म्हणजे काय. आणि आता तुमच्यामुळे ८९ पुन्हा काढून बघितलं तर ४० आणि ४१ मध्ये तेच आहे, कुंपण मोडलं आणि वाटेने जाणारे लुटतायत. ८० मध्ये वेलीबद्दल, इथे राजाबद्दल.

एक गोष्ट मला त्या स्तोत्रात फार लागली. "आम्हाला पुन्हा उभं कर, तुझ्या मुखाचा प्रकाश पाड" असं तीनदा म्हटलंय, ३, ७ आणि १९ ला. पहिल्यांदा नुसतं देवा, मग सेनाधीश देवा, आणि शेवटी परमेश्वरा सेनाधीश देवा. संकट तेवढंच आहे, पण हाक वाढत जाते. त्याचं नाव घेऊन, ज्या नावाने करार केला ते नाव घेऊन हाक मारलीये.

आणि स्पष्ट सांगतो, माझ्या बागेला गारा लागणार नाहीत असा शब्द देवाने मला कधीच दिलेला नव्हता. मीच तो धरून बसलो होतो. दाविदाशी करार झाला तो माझ्या दोन एकरांचा नाही. पण त्या एप्रिलला खरड छाटणी करायची ताकद कुठून आली हे मला आजही सांगता येत नाही. दादा, तुम्ही पूर्ण वाचा.


विश्वासाने_चाला

सर्वांचा आदर ठेवून, पण मला हे पटत नाही. वचन हक्काने मागायचं असतं. करारात आरोग्य पण आहे, स्तोत्र १०३ मध्ये तो सर्व रोग बरे करतो असं लिहिलंय. आपण तक्रारीची वचनं मोठ्याने वाचली तर अविश्वास बोलल्यासारखं होतं. जीभ सांभाळली पाहिजे, विशेषतः मंडळीसमोर.


अंबड_सेकंड_शिफ्ट

विश्वासाने_चाला भाऊ, राग मानू नका पण हेच ऐकून आई महिनाभर रडत होती. तिला वाटत होतं तिचा विश्वास कमी पडला म्हणून बाबा गेले. १०३ मध्येच पुढे माणसाचे दिवस गवतासारखे आहेत, वारा आला की फूल नाहीसं होतं असं पण आहे ना? काल ते पण वाचलं. पण मग प्रश्न राहतोच, मावशी, ४९ ला उत्तर मिळालं का कधी? की नुसतंच विचारून ठेवलंय?


देवळाली_कॅम्प_जुना

यावर मी बोलतो. उत्तर लगेच नाही मिळालं, फार वर्षं नाही मिळालं. यरुशलेम इ.स.पू. ५८६ च्या सुमाराला पडलं, मंदिर जळालं, राजाला बाबेलला म्हणजे बॅबिलोनला नेलं, आणि दाविदाच्या घराण्यातला कोणी पुन्हा तिथे राजा म्हणून बसला नाही. म्हणजे ८९ मधली तक्रार काही भावनेच्या भरात केलेली नाही, सिंहासन खरंच रिकामं होतं. आणि दाविदाला नाथान संदेष्ट्याकडून शब्द मिळाला होता, २ शमुवेल ७, की तुझं राजासन कायम राहील. स्तोत्र १३२ मध्ये त्याच्याबरोबर एक "जर" आहे, तुझ्या मुलांनी करार पाळला तर. ८९ मध्ये मुलं चुकली तरी दया काढणार नाही असं आहे. हे दोन्ही एकाच पुस्तकात ठेवलेत आणि लोकांना ते दोन्ही घेऊन जगावं लागलं.

मग त्यांनी केलं काय? गात राहिले. एज्रा ३ वाचा, बाबेलहून परत आलेल्यांनी मंदिराचा नुसता पाया घातला, राजा नाही, भिंती नाहीत, आणि काय गायले तर तेच धृपद, त्याची दया सनातन आहे. आणि तिथे जे म्हातारे होते, ज्यांनी पहिलं मंदिर पाहिलं होतं, ते मोठ्याने रडले. आनंदाचा आवाज कुठला आणि रडण्याचा कुठला हे लोकांना वेगळं करता येईना असं लिहिलंय. माझ्या मते तुमची शनिवारची प्रार्थना अशीच होणार आहे आणि ती तशीच व्हावी, जेलरोडकरांना वाटतंय तशी गप्प नको.

१०५ आणि १०६ ही जोडी पण बघा. १०५ मध्ये देवाला करार हजार पिढ्यांपर्यंत आठवतो, लोकांची एकही चूक सांगितलेली नाही. १०६ मध्ये नुसत्या चुकाच चुका, सोन्याचं वासरू, कुरकुर, सगळं, आणि ४५ व्या वचनात पुन्हा, त्याने त्यांच्यासाठी आपला करार आठवला. आठवला म्हणजे तो विसरला होता आणि मग लक्षात आलं असं नाही, आठवला म्हणजे त्यावर वागला.

थोडं विषयांतर करतो. तुम्ही नाशिकचे आहात म्हणून सांगतो, आपलं शरणपूर चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात वसवलं, आणि पुढे गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे राहिली, शिकली. त्यातला जेकब वेनराइट हा आफ्रिकेत फिरलेला मिशनरी लिव्हिंग्स्टन याच्या मृतदेहाबरोबर आफ्रिकेतून लंडनपर्यंत गेला, १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा तो तिथे होता. बरीच मुलं पुढे मोंबासाजवळ फ्रिअर टाउनला गेली. १०५ मध्ये योसेफाबद्दल आहे ना, तो दास म्हणून विकला गेला, त्याच्या पायांना बेड्या घालून दुखवलं, आणि हे देवाच्या कराराची आठवण गाणाऱ्या स्तोत्राच्या अगदी मध्ये येतं. मी शरणपूर रोडने जातो तेव्हा मला ते वचन नेहमी आठवतं. शरण हा शब्दच बघा. ज्यांचं सगळं तुटलं त्यांच्या वस्तीला ते नाव दिलं गेलं.


संडेस्कूलवाली_मावशी (नाशिकरोड)

देवळालीकर दादांनी माझं काम हलकं केलं. उत्तराचं विचारलंस ना बाळा. ८९ संपलं की पुढच्या भागात ९० मोशेची प्रार्थना, आणि मग ९३, ९७, ९९ उघड, प्रत्येकाची सुरुवात एकच, परमेश्वर राज्य करतो. खालचं सिंहासन पडलंय आणि हे गातायत वरचं पडलेलं नाही. आणि आपण ख्रिस्ती लोक त्याच्या पुढचंही वाचतो, लूक १ मध्ये देवदूत मरीयेला सांगतो की तुझ्या मुलाला दाविदाचं राजासन मिळेल, त्याच्या राज्याचा अंत होणार नाही. जखऱ्या नावाचा याजक त्याच अध्यायात म्हणतो की देवाने आपला पवित्र करार आठवला. म्हणजे ४९ चं उत्तर आलं, पण पाचशेहून जास्त वर्षांनी, आणि आलं तेही गोठ्यात. पकडला गेला त्या रात्री प्रभुभोजनाच्या वेळी येशू प्याला हातात घेऊन नवा करार म्हणाला तो हाच. मग गीत गाऊन ते जैतुनाच्या डोंगरावर गेले असं मार्क सांगतो. वल्हांडणाला, म्हणजे मिसरातून सुटकेच्या यहुदी सणाला, स्तोत्र ११३ ते ११८ गायची रीत होती, तर तीच गायली असणार, आणि ११८ चं धृपद तेच, त्याची दया सनातन आहे. पकडायला माणसं निघालेली आणि हा ते गातोय.

विश्वासाने_चाला, तुम्हाला रागाने नाही सांगत. पण वधस्तंभावर तो स्वतः स्तोत्र २२ मधली तक्रार मोठ्याने बोलला, माझ्या देवा तू मला का सोडलंस. त्याला आपण अविश्वास म्हणणार का? दुःखात असलेल्या बाईला तुझा विश्वास कमी पडला असं सांगणं, हे मी मरेपर्यंत चालू देणार नाही.


विश्वासाने_चाला

मावशी, स्तोत्र २२ चं मी असं कधी धरलं नव्हतं. आणि भाऊ, आईंबद्दल ऐकून वाईट वाटलं, माफ करा. मी अशा घरांमध्ये असं बोललेलो आहे.


जेलरोडकर

माझं अजून तेच आहे की लहान मुलांपुढे जपून, पण पाळकसाहेबांना आधी सांगून ठेवा म्हणजे ते ३८ च्या आधी दोन शब्द बोलतील. अचानक ऐकलं तर लोक दचकतात.


अंबड_सेकंड_शिफ्ट

जेलरोडकर भाऊ हे चांगलं सुचवलंत, पाळकसाहेबांना आत्ताच फोन केला, ते म्हणाले पूर्ण वाच, मी मध्ये थोडं बोलतो.

आज आईला पण सांगितलं सगळं, तुमचे रिप्लाय वाचून दाखवले, निफाडच्या दादांचं ऐकताना ती बराच वेळ काही बोलली नाही, तिच्या माहेरी ओझरला पण बाग होती. मग तिने तिचं बायबल आणलं, चष्मा लावला आणि ८९ पहिल्यापासून शेवटपर्यंत मनातल्या मनात वाचलं. मी म्हटलं आई तुला नको असेल तर १८ ला थांबतो. तर म्हणाली, नाही, तू ४८ पर्यंत वाच. ४९ मी वाचते. ते मला विचारायचंय.

मग आता असं ठरलंय, १ ते ३७ मी, ३८ ते ४८ पण मीच, ४९ ते ५१ आई, आणि शेवटचा आमेन सगळ्यांनी. शनिवारी संध्याकाळी ६ ला, जवळपास कोणी असाल तर या. मावशी तुम्ही नाशिकरोडवरून येणार असाल तर सांगा, मी गाडी घेऊन येतो.


संडेस्कूलवाली_मावशी (नाशिकरोड)

येते. साडेपाचला तयार असते.